दोन्ही हात मोकळे

मेहरूणमध्ये कुणाच्याही घरी काही दुरुस्त करायचं असलं की शेजारचे नाना आधी खिशातून लाल फडकं काढतात आणि त्या वस्तूला बांधतात. मिक्सर असो, पाण्याची मोटर असो, नाहीतर आमच्या हिचं शिवणयंत्र. एकदा फडकं बांधलं की घरमालकानंही हात लावायचा नाही. नाना डाळमिलमध्ये फिटर होते. मशीन उघडलं की स्विचला लाल फडकं, आणि ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, असा तिथला नियम. रिटायर होताना नाना दहाही बोटं आणि हा नियम शाबूत घेऊन घरी आले.

त्यांच्या कर्तबगारीचा कळस म्हणजे त्यांचा कॅमेरा. थोरली बहीण, अक्का, धुळ्याला असते. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. लहानपणी या भावंडांनी हातांची एक भाषा तयार केली, ती अजून चालू आहे. पण व्हिडिओ कॉलमध्ये एक हात फोन धरण्यातच जायचा. "एका हातनी बोलनं म्हंजे अर्धं तोंड बांधीसन बोलनं शे," नाना करवादायचे. त्यात मोतीबिंदू. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर अक्कांची बोटं त्यांना दिसेनात. मग त्यांनी जुना कॉम्प्युटर आणला. त्याला कॅमेरा नव्हता, तर स्वतःच्या स्मार्टफोनचाच कॅमेरा केला. फोनमध्ये एक अ‍ॅप, कॉम्प्युटरमध्ये त्याचा जोडीदार प्रोग्रॅम, मध्ये केबल, आणि ठिबकच्या पाइपाचे तुकडे जोडून केलेला स्टँड. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. मला हे सुचलं नसतं, हे कबूल करायला लाज कसली?

"नाना, बाजारात कॅमेरा मिळतो की," मी एकदा म्हटलं.

"घरमा डोळा शे, मंग इकत कसाले लेऊ?"

रोज संध्याकाळी पाचला भावंडांचं बोलणं ठरलेलं. "अक्काले मन्हाशिवाय बोलाले कोन शे भो? पाच वाजनात का ती वाट देखस," असं ते सांगायचे. ऐकून मला धुळ्याच्या कुठल्याशा कोपऱ्यात एकटीच बसलेली म्हातारी दिसायची.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी साडेचारला नानांनी हाक मारली, "ओ सर, जरा या बरं!" गेलो. स्टँडला फडकं बांधलेलं. कॉम्प्युटरला फोनच सापडत नव्हता. नाना मिलच्या पद्धतीनं एका टोकापासून निघाले होते. अ‍ॅप बंद करून चालू केलं. कॅमेऱ्याची परवानगी पाहिली. दुसरं कुठलं अ‍ॅप कॅमेरा अडवून बसलंय का, तेही पाहिलं. फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद करून पुन्हा सुरू केले. काही फरक नाही. वैतागून मी कॉम्प्युटरच्या डब्यावर एक थाप मारली.

"मारू नका सर. मशीन शे, म्हैस नही."

पाचला दहा मिनिटं उरली. नानांच्या कपाळावर घाम आला. "ती घाबरी जाई," ते सारखं म्हणत होते. मग त्यांनी केबल हातात घेतली, टोक बोटांनी चाचपलं आणि थबकले.

"ही केबल मन्ही नही."

आदल्या रात्री मी त्यांची केबल मागून नेली होती आणि सकाळी परत देताना चुकून माझी दिली होती. दोन्ही काळ्या. माझी नुसती चार्जिंगची. फोनला करंट मिळत होता, पण चित्र पुढं सरकत नव्हतं. धावत घरी जाऊन त्यांची केबल आणली. नानांनी आधी मलाच पाणी दिलं.

पाचला पाच मिनिटं होती. फोन सापडला! पण पडद्यावर नुसता लालसर अंधार. नाना पुन्हा सेटिंगमध्ये घुसले. मला मात्र दिसलं, फडक्याचं टोक फोनच्या भिंगावरच लोंबत होतं. मी हात पुढं केला.

"हात लावू नका! फडकं बांधेल शे!"

"अहो, तेच तर आडवं आलंय, नाना!"

त्यांनी पाहिलं, जीभ चावली, आणि नियमाप्रमाणे स्वतःच्या हातानं गाठ सोडली.

कॉल लागला तेव्हा पाच वाजून गेले होते. धुळ्याच्या खोलीत बायकांची ही गर्दी! बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा, घाट घातलेला. मधोमध अक्का, दोन्ही सुना त्यांच्याशी हातांनीच भांडत होत्या, नातवंडं हातांनीच मध्ये तोंड घालत होती. अख्ख्या घराला ती भाषा येत होती. अक्का पोट धरून हसत होत्या. उशीर झाल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं.

नाना दोन्ही हात वर धरून, आपल्याकडे कधी लक्ष जातंय म्हणून थांबले होते. नानांची बायको, आमच्या वहिनी, वारल्यापासून या घरात पाच वाजायची वाट कोण पाहतं, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहून कळलं नव्हतं, याची लाज वाटली.

अक्कांनी पाहिलं. पिठाचे हात पदराला पुसून त्या सगळं सोडून पुढं आल्या. पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि भुवया उंचावल्या. जेवलास का? नाना भराभर हातांनी सांगू लागले.

भावाबहिणीत आपण कशाला, म्हणून मी हळूच उठलो.

"बठा ना सर," पडद्यावरची नजर न हलवता नाना म्हणाले. "आज घरमा दोन मानसं शेतस. तिले देखू द्या."