आप्पांचा परसातला दोर

आमच्या खासबागेतल्या गल्लीत वारं सुटलं की बायका आभाळाकडं बघत नाहीत, आप्पांच्या गच्चीकडं बघतात. आप्पा कठड्याला टेकून गप्प उभे असले तर पापड राहू देतात. पण त्यांनी तोंडाशी हात नेऊन "शिडं उतरवाऽऽ!" अशी आरोळी ठोकली की जी धावाधाव! साड्या, चादरी, पापड, सगळं घरात.

आप्पा मूळचे जवळच्याच येळ्ळूर गावचे. तिथली पोरं भरती झाली की पायदळात जातात, हे एकटे आरमारात गेले. समुद्र कधी बघितलेला नाही! "मला वाटलं, पवायला शिकिवतील," असं अजून सांगतात. शिकवलं काय, तर सरावाच्या शिडाच्या जहाजाच्या डोलकाठीवर चढायला! खाली खवळलेलं पाणी, वर पिसाळलेलं वारं, आणि मध्ये हा येळ्ळूरचा भात खाऊन वाढलेला गडी परबाणावर, म्हणजे शिडाच्या आडव्या लाकडावर, पोट टेकून ओलं शीड गुंडाळतोय. ऐकताना माझ्या तळव्यांना घाम फुटतो, आणि आप्पा हसतात, लेकाचे!

निवृत्त होऊन आले ते दोर घेऊनच. पायजम्याच्या नाडीलासुद्धा खलाशी गाठ. एकदा ती काही केल्या सुटेना, तेव्हा त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या आक्कांनी, विळीनं नाडी कापली. अलीकडं तर त्यांनी स्वयंपाकघरापासून परसातल्या तुळशीपर्यंत कमरेएवढ्या उंचीवर दोर ताणला होता.

"आप्पा, घर कुठल्या बंदराला नेताय?" मी विचारलं.

"तू तुजं बघ रं," एवढंच.

यंदा वैशाखात माझ्या बहिणीचं लग्न झालं. मंडप दारातच. आक्का गुडघे दुखतात म्हणून आल्या नव्हत्या. अक्षता पडल्या, पंगत बसली आणि वळवाचं वारं उठलं. मंडपाचं कापड टम्म फुगलं, मधला खांब करकरायला लागला. खाली लहान पोरं, म्हाताऱ्या बायका, वाफाळत्या आमटीची भांडी. मी ओरडलो, "ओढा! सगळे दोर ओढा!"

"ओढतोस काय, शान्या? सोड!" आप्पा चपला टाकून धावत आले. "वारं आत कोंडलं की डोलकाठी मोडती. त्याला वाट दे!"

मंडपवाले गोकाककडचे, कानडी. आप्पांनी एका बाजूच्यांना हुकूम सोडला, "हग्ग हिडी! हग्ग हिडी!"

कानडीत हग्ग म्हणजे दोर, हिडी म्हणजे धर. पण साताऱ्याच्या वऱ्हाडाला हे कोण सांगणार? भरल्या पंगतीत तो शब्द ऐकून नवऱ्याच्या मामांचा घास तोंडातच राहिला. तेवढ्यात आप्पा दुसऱ्या बाजूला वळले, "हग्ग बिडी! बिडी, बिडी!" म्हणजे सोडा. व्याह्यांना वाटलं, निपाणीच्या तंबाखूचा मुलूख जवळ, म्हाताऱ्याला ऐन वादळात तलफ आली. बिचाऱ्यांनी खिशातून बंडल काढून पुढं केलं!

पण काय सांगू! पलीकडचा दोर सुटला, वारं भस्सकन बाहेर पडलं आणि खांब सरळ झाला. लगेच आप्पा मांजरासारखे बांबूवर चढले. सत्तरी उलटलेला माणूस! मुठीमुठीनं कापड ओढून आडव्या बांबूवर गुंडाळायला लागले. खाली शिट्ट्या, टाळ्या, "हाण आप्पा!"

"दोर दे!" ते वरून ओरडले. दोर संपलेले. मला आठवलं. "थांबा, तुमच्या परसातला आणतो!"

"त्याला हात लावशील तर बघ!" त्यांचा असला आवाज मी कधी ऐकला नव्हता. "त्यो सोडून कायबी आण!"

अस्सा राग आला मला! खाली माणसांच्या जिवावर बेतलंय आणि ह्यांना दोराची माया! पण भांडायला वेळ कुठं होता? व्याह्यांच्या डोक्यावरचा नवाकोरा फेटा काढला आणि वर फेकला. आप्पांनी त्याचीच गाठ मारली. वारं निघून गेलं, पंगत उठली, तरी ती गाठ कुणाला सुटेना. व्याही बोडक्या डोक्यानं, हसत, बिडी ओढत बसले होते.

दिवस मावळायच्या आत मी आक्कांना लाडू द्यायला गेलो. जरा घुश्शातच. आक्का परसात तुळशीजवळ उभ्या होत्या.

"कोण हाय?" त्यांनी विचारलं.

मी समोर उभा होतो. लख्ख उजेड होता.

मग त्या दोरावरून हात सरकवत माझ्याकडं आल्या, लाडू घेतले आणि तशाच दाराकडं निघाल्या. दोराला गाठी होत्या. पायरीपाशी एक गाठ हाताला लागली, तशा थांबल्या आणि पाय उचलला. दाराशी दोन गाठी, तिथं उंबरा ओलांडला. म्हणजे गुडघ्याचं नुसतं निमित्त होतं. माझा राग कुठल्या कुठं गेला.

आक्का आत गेल्या. आप्पा मागून येऊन हळूच म्हणाले, "कुठं बोलू नगंस. कुनी कीव केल्याली तिला सोसत न्हाय." त्यांनी दोराचा ताण चाचपला. "वादळात डेकवर आसाच बांधत्यात. लाटंबरोबर मानूस जाऊ नये म्हनून. जहाजावरचं वादळ सरायचं. ह्ये न्हाय सरायचं."

आतून आक्कांची हाक आली, "आवं, लाडू खाताय न्हवं? या की!"

"आलो," आप्पा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, दोरावर हात ठेवला आणि आक्कांसारखेच, गाठ लागली की थांबत, आत गेले.