कमळाबाईंच्या घरात बाळ झोपेना

“आमचा शिवा? अहो, कानाशी ढोल बडवा, डोळा उघडायचा नाही!”

बकुळेनं घरमालकीणबाईंना हे अगदी छातीठोकपणे सांगितलं, आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं. शिवा लालबागच्या चाळीत जन्मला, तिथंच पाळण्यात घातला गेला आणि जिथं मोठी माणसं झोपू शकत नाहीत तिथं ढाराढूर झोपला.

कमळाबाईंची अट एकच, शांतता. गिरगावातल्या त्या गर्द झाडीच्या वाडीत आजेसासऱ्यांनी बांधलेलं दुमजली घर त्यांनी नुकतंच डागडुजी करून नव्यासारखं करून घेतलं होतं. वर त्या एकट्या, खालचा मजला भाड्यानं.

“आठवडाभर राहून बघा,” त्या म्हणाल्या. “गडबड नसेल तर घर तुमचं. असेल तर परत लालबाग!”

घर बघून बकुळा तर हरखूनच गेली होती. सागवानी जिना असा चकाकत होता, की त्यात बघून कुंकू लावावं! खिडक्यांना रंगीत काचा. उन्हाची लाल-हिरवी नक्षी जमिनीवर पडायची आणि बकुळा तिच्यावर पाय न देता कडेकडेनं चालायची. न जाणो, रंग पुसला गेला तर?

आणि ती शांतता! अंगणातल्या फणसाचं पान गळालं तरी माणसानं दचकावं.

पहिल्याच रविवारी दुपारी शिवानं भोकाड पसरलं. दूध पाजून झालं, अंगाई गाऊन झाली, पाळणा हलवून हलवून बकुळेच्या नवऱ्याचा, राजारामचा, खांदा निखळायला आला. पण छे! वरून काठी वाजली, ठक् ठक्!

“अहो बाई, ढोल बडवला तरी उठत नाही म्हणालात ना?”

“उठत नाही हो!” बकुळा रडकुंडीला आली. “पण इथं ढोल कुठाय?”

बोलता बोलताच तिच्या डोक्यात प्रकाश पडला. गिरणीचा भोंगा, नळावरची भांडी, गॅलरीतली भांडणं, खालून जाणारे मोर्चे! लेकराची अंगाई तर तिकडेच राहिली होती!

“अहो, भोंगा वाजवा!”

“मी?”

“मग काय, गिरणी उचलून आणू?”

राजाराम बँकेत कारकून. सदऱ्याची इस्त्रीसुद्धा मोडू न देणारा. पण शेवटी बापच तो! त्यानं तोंडाशी हात धरून हळूच ‘भोंऽऽ’ केलं. शिवा रडायचा थबकला. बकुळेनं पातेल्यावर पळी आपटली. शिवानं जांभई दिली!

“आता घोषणा!” बकुळा कुजबुजली.

“मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र...” राजारामनं सुरुवात केली.

“झालाच पाहिजे!” खिडकीबाहेरून कुणीतरी गरजलं.

त्या दिवसांत अर्धी घोषणा ऐकून गिरगावचा माणूस पुढे जाईल कसा? चौपाटीच्या सभेला निघालेले दोघं थांबले, दोघांचे वीस झाले, झेंडे आले, लेझीम आली. बघता बघता कमळाबाईंचं अंगण भरलं, पायऱ्या भरल्या, नव्या पॉलिशच्या कठड्यावर चार जण चढून बसले. राजाराम “अहो, जरा हळू” म्हणाला, ते कुणालाच ऐकू गेलं नाही. शिवा मात्र गाढ झोपला होता.

आणि जिन्यावर काठी वाजू लागली.

बकुळेनं मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली. त्या रंगीत उन्हाकडे तिनं एकदा डोळे भरून बघून घेतलं.

कमळाबाईंनी अंगण पाहिलं. कठडा पाहिला. ओरडायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर पाळण्यात गेली. इवलीशी मूठ उशाशी, गालावर काचेतून आलेला हिरवा कवडसा.

“अगं बाई,” त्या पुटपुटल्या. “खरंच झोपला की गं!” मग दारात जाऊन त्यांनी काठी उगारली. “चूप! लेकरू झोपलंय ना!”

अख्खा मोर्चा चिडीचूप. लेझीम काखेत गेली. फणसाचं एक पान गळालं, तेही ऐकू आलं.

शिवानं खाडकन डोळे उघडले आणि असा टाहो फोडला, की कठड्यावरचे चौघं खाली उतरले!

सगळे कमळाबाईंकडे बघायला लागले. कमळाबाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पदर खोचला, काठीसकट हात वर केला आणि बारीक, चिरक्या आवाजात त्या ओरडल्या,

“झालाच... पाहिजे!”

मुंबई मिळायला अजून पुष्कळ अवकाश होता. बकुळेला घर मात्र त्याच दुपारी मिळालं.

वर जाता जाता कमळाबाई जिन्यात थांबल्या. “उद्या याला झोपवायच्या वेळी मला हाक मार. तुझ्या नवऱ्याच्या आवाजात काही जोर नाही बाई!”