लाल टॅगवाले हमीदचाचा

हमीदचाचांनी आमच्या प्रेशर कुकरला लाल टॅग बांधला, तेव्हा आत डाळ होती.

"शिट्टी सैल आहे. वापर बंद!"

अम्मीने टॅग काढून डाळ शिजवली, पण शिट्टी होईपर्यंत आम्ही सगळे दुसऱ्या खोलीत उभे होतो. चाचांची भीती अशी दुसऱ्याला लागायची.

ते बहारीनमधल्या हिद्दच्या गोदीत स्कॅफोल्डिंग, म्हणजे कामगार चढतात ती परांची, तपासायचे. हिरवा टॅग म्हणजे चढा, लाल म्हणजे लांब राहा. हीच ड्यूटी ते मनामातल्या आमच्या इमारतीतही करायचे. लिफ्ट लाल. गच्चीवरचा पाळणा लाल. शेजारच्या कुलकर्णीकाकांची फिरती खुर्चीसुद्धा लाल.

"अहो, मी रोज बसतो तिच्यावर!"

"म्हणून तर लावला. मफी भरोसा! भरवसाच नाही तिचा!"

मला याचं हसू यायचं, माझी पाळी येईपर्यंत.

मी अकरावीत होते. एका कॉलेजने शाळेतल्या मुलांना संध्याकाळी युनिव्हर्सिटीचे दोन विषय शिकवायला घेतले होते, मेकॅनिक्स आणि वर्कशॉप. पास झालं तर पुढे इंजिनिअरिंगला ते पुन्हा द्यावे लागणार नव्हते. आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. क्रेन चालवणाऱ्या अब्बांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हमीद इंजिनिअर लोकांत वावरतो. तो हो म्हणाला तर जा."

हमीदचाचा आजवर कशाला हो म्हणाले होते?

शनिवारी ते मला घेऊन कॉलेज तपासायला गेले. दोन तास! प्रत्येक लेथ मशीनवरचा गार्ड, संरक्षक झाकण, हलवून पाहिला. सरांना विचारलं, "पोरींच्या ओढण्यांचं काय करता?" सर वैतागले. मी जमिनीकडे बघत होते. खरं सांगायचं तर मशीनच्या आवाजाने मलाच धडकी भरली होती. चाचा नाही म्हणाले तर बरंच, असंही एकदा वाटून गेलं.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "भीती वाटली गो?"

"हो, चाचा."

"तरी जायचंय?"

"हो."

त्यांनी गाडी सुरू केली नाही. "माझ्या पोरीला, रुक्सानाला पण शिकायचं होतं. चिपळूणहून मुंबईला जाऊन. पत्र लिहून विचारलंन. मी इकडून लिहिलं, नको. आता फोनवर माझी तब्येत विचारते नि ठेवते."

संध्याकाळी ते अब्बांना म्हणाले, "जाऊ दे तिला."

"धोका नाही ना?"

"आहे. जाऊ दे."

वर्ग सुरू झाले. दर आठवड्याला चाचा कोरा कागद घेऊन यायचे. "काय शिकवलं ते सोप्या मराठीत लिही. रुक्सानाला पाठवायचंय." मी बिचकायचे, चुकीचं लिहिलं तर? तरी लिहायचे. उत्तर कधी आलं नाही. चाचा पुढचा कागद आणायचे.

पहिला पेपर मी कशीबशी पास झाले. त्यानंतर काही दिवसांनी चाचा एक पाकीट घेऊन आले. आत रुक्सानाचं पत्र. वर सलाम, खाली एकच ओळ: "अब्बा, लांब पान्याने घट्ट नट सहज का सुटतो, ते नीट समजलं नाही."

चाचांनी मला ती ओळ तीनदा वाचायला लावली. मी कागद ओढून उत्तर लिहायला घेतलं, तर त्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

"तू नको गो. हे मी लिहितो."

आणि आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून, एकेक अक्षर लावत, ते लिहू लागले.