व्याह्यांचे भिजलेले मोजे

इकडे वडीलधाऱ्या माणसाला पापा म्हणतात. नावेचा मालक पापा बोफांदोने बांबूवाल्यांना जेवायला बसवलं आणि तिथंच सगळं बिनसलं. नावेच्या टोकाला दोघांनी उभं राहून बांबू बुडवायचा आणि किती पाणी आहे ते ओरडून सांगायचं, ही कांगो नदीवरची रीत. पण आज नावेत होणारे व्याही होते. उबांगी नदीकाठचे, मोंडोंगा नावाचे. दुपारच्या आत म्बांदाका गावाला पोचलो नाही तर लग्न मोडलं समजा, असं त्यांनी चढतानाच बजावलं होतं. तिकडे बोफांदोची धाकटी लेक नटून बसली होती.

"बांबू नको का, पापा?" मोंडोंगांनी विचारलं.

"तीस वर्षं झाली मला या पाण्यावर. हिच्यात बांबू घालायचा म्हणजे आईला वय विचारायचं. विषुववृत्त दोनदा ओलांडते ती. एकीकडचा पाऊस आटला की दुसरीकडचा सुरू. इकडे रस्ते कुठायत? मीठ, आजारी माणसं, नवऱ्या मुली, सगळ्यांना हीच नेते. तुमची उबांगी चांगलीच आहे हो, पण शेवटी येऊन मिळते कुणाला? आणि खोली म्हणाल, तर जगात..."

खर्रकन नाव थांबली.

मोंडोंगा शांतपणे खाली उतरले. पाणी पोटरीपर्यंत होतं.

"जगात काय, पापा? बोला की. माझे मोजे ऐकतायत."

बोफांदोने चिडून इंजिनाचा जोर वाढवला, तशी नाव वाळूवर आणखी चढून बसली. मग बायका उतरल्या, कसाव्याच्या कंदांच्या टोपल्या उतरल्या, आहेराच्या बकऱ्या मात्र उतरेनात. वाळूवर धुरात मासे सुकवणारी एक कोळीण म्हणाली, "हे वाळूचं बेट गेल्या महिन्यात पलीकडे होतं. नदी काय कुणाला विचारून वाळू टाकते?"

बोफांदोला लेकीचा चेहरा आठवला आणि त्याचा सगळा ताठा गळाला.

"चूक माझी आहे, पापा," तो मोंडोंगांना म्हणाला. "नदीला नावं ठेवू नका. पोरीला तर मुळीच नका."

 मोंडोंगांनी मोजे काढून खिशात कोंबले आणि बांबू उचलला. "बघत काय बसलात? ढकला."

नाव सुटली. पुढची सगळी वाट व्याही स्वतः टोकाला उभे होते. "गुडघा!" "कंबर!" "छाती!" शेवटी बांबू खांद्यापर्यंत हात घालूनही टेकेना, तेव्हा त्यांनी तो नावेत ओढून घेतला.

ऊन डोक्यावर यायच्या जरा आधी म्बांदाकाचा धक्का आला. धक्क्यावर थांबलेले नवरीचे काका चेष्टेने मोंडोंगांना म्हणाले, "काय पापा, पाहिलीत आमची नदी?"

"तुमची?" मोंडोंगा म्हणाले. "काठावर बसणारी माणसं तुम्ही, तुम्हाला काय कळणार? मी स्वतः मोजलीय. आमच्या नदीला तळच नाही."

बोफांदो तोंड उघडणार, तोच लेकीने त्याच्याकडे पाहिलं. मुकाट्याने त्याने मुलीबरोबर नदीही देऊन टाकली.