बिनगावाचा रणगाडा

गफूरभाईंच्या हातातला माइक कशालाही जोडलेला नसे. वायर मुळाशीच कापलेली, जाळीला पोचा आलेला, दांडीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. तरीही तो तोंडासमोर धरल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. जाळीवर दोनदा टिचकी मारून, "हॅलो, चेक" म्हणून ते आमच्या नेट कॅफेत मुलांच्या खुर्च्यांमागे उभे राहत आणि पडद्यावर चाललेल्या रणगाड्यांच्या लढाईचे समालोचन सुरू करत. ऐकू जाण्यासाठी त्यांना माइकची गरज नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे. समोरच्या स्टँडवर नारायणगावच्या गाडीत शेवटच्या बाकावर बसलेल्या माणसालाही कोणाचा रणगाडा कुठे अडकला आहे, हे नीट कळत असे.

जुन्नरात ब्रॉडबँड नुकतेच आले होते. मी पुण्याहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून परतले होते आणि संशोधनाच्या प्रवेशाचे पत्र येईपर्यंत वडिलांच्या या कॅफेचे काउंटर सांभाळत होते. वडिलांनी सहा संगणक मांडले ते परीक्षांचे निकाल आणि नोकऱ्यांचे अर्ज डोळ्यांपुढे ठेवून. दोन महिन्यांत सहाही संगणक एका ऑनलाइन खेळाने व्यापले. खेळ साधा होता: प्रत्येकाला एक रणगाडा, दोन बाजू, आणि समोरच्या बाजूचे रणगाडे फोडायचे. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातला कोणीही माणूस त्यात शिरू शकत असे.

गफूरभाईंचे लाउडस्पीकरचे दुकान शेजारच्या गाळ्यात होते. लग्ने, वाढदिवस, निवडणुका हे त्यांचे पोटापाण्याचे काम. ख्याती मात्र बैलगाड्यांच्या शर्यतींतली. आमच्याकडे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात आणि एका धावेला बारी. घाटाच्या माथ्यावर मांडवात बसून गफूरभाईंनी तीस वर्षे बाऱ्या पुकारल्या होत्या. शर्यतींवर बंदी आली तेव्हा बैलांचे काय होणार, गाडामालकांचे काय होणार, यावर भरपूर चर्चा झाली. पुकारणाऱ्याचे काय होणार, हा प्रश्न कोणी काढला नाही. एका दुपारी ते स्क्रू ड्रायव्हर मागायला आमच्याकडे आले, पडद्यावर काहीतरी धुरळा उडवत चढ चढताना त्यांना दिसले, आणि ते थांबले ते थांबलेच.

नव्या विषयासाठी नवी भाषा शिकण्याचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत. फुटलेला रणगाडा "बसला", मागे सरणारा "बुजला", आणि वळण चुकून भिंतीवर आदळणारा "जुवाला नवा हाय, सवय व्हईल." एकदा त्यांनी मला अत्यंत गंभीरपणे विचारले, "ताई, ह्येंचं वय कशावरनं वळखायचं? दात तर दिसत न्हाईत."

आमचे ब्रॉडबँड दिवसातून अनेकदा दम टाकत असे. चित्र जागच्या जागी गोठे, मुले टेबलावर हात आपटत. गफूरभाईंचे समालोचन मात्र अखंड चालू राही. "आला, आला, डाव्या अंगानं आला, कुंपनामागं दबा धरला, आता हानतोय बगा!" हे सारे गोठलेल्या चित्राकडे पाहून. मी शास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे वहीत पडताळा ठेवू लागले. चित्र पुन्हा हलू लागले की निम्म्याहून अधिक वेळा रणगाडा खरोखरच कुंपणामागे निघे. नाही निघाला, तर ते मान हलवून म्हणत, "चित्र चुकलं."

इथवर सारे ठीक होते. अडचण आली ती त्यांच्या एका तत्त्वाची.

"ताई, ह्यो हिरवा कोनाचा?"

"ते कळत नाही गफूरभाई. टोपणनाव असते फक्त."

"नाव ऱ्हाऊ द्या. गाव कोनतं?"

"तेही कळत नाही."

त्यांनी माइक खाली घेतला. "मंग पुकारू कसा? बिनगावाचा गाडा घाटात घेत नसतात."

खेळात लिहून बोलण्याची सोय होती. त्या दिवसापासून मी जगभरातल्या अनोळखी योद्ध्यांना, ऐन गोळीबारात, "तुमचे गाव कोणते?" असे इंग्रजीत विचारू लागले. बहुतेक जण उत्तर देण्याआधीच फुटत. काहींना ही शत्रूची चाल वाटे. एकाने मात्र साओ पावलो सांगितले, एकाने क्राकोव; एकाने माझ्या आईचा उद्धार केला. त्याचे भाषांतर मी "आजोळी राहतात म्हणे" असे केले.

"चांगलंय की," गफूरभाई म्हणाले. "आजोळी राहून पळवतोय म्हंजे मामा हौशी असनार."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅफेबाहेरच्या फळ्यावर, जिथे आम्ही परीक्षांचे निकाल लावत असू, तिथे त्यांच्या वळणदार अक्षरात वार्तापत्र झळके: 'कालच्या बाऱ्या. साओ पावलो गावचे गाडामालक यांनी लई सुंदर बारी मारली. क्राकोवकर चांगले पळाले, पण शेवटाला बुजले. आमचे मत : क्राकोवकरांनी घाई करू नये. रणगाडा तोच आहे, हाकणाऱ्याने डोके शांत ठेवावे.'

हा फळा स्टँडवरची माणसे वर्तमानपत्रापेक्षा अधिक विश्वासाने वाचत. मढला निघालेली एक म्हातारी, कोणीतरी तिला तो वाचून दाखवल्यावर, थेट काउंटरवर येऊन थडकली.

"रणगाडं कुटवर आल्यात गं पोरी? मढची येष्टी जाईल ना?"

"जाईल, मावशी," गफूरभाईच म्हणाले. "लढाई पोलंडात हाय."

"मंग असू दे. तितं आपलं कोन न्हाई."

म्हातारी निर्धास्त होऊन गेली. गफूरभाई मात्र अस्वस्थ झाले. "कोन न्हाई कसं? क्राकोवकर हायेत की," असे ते माझ्याकडे पाहून बराच वेळ म्हणत राहिले.

पावसाळा सरला आणि मंचरच्या एका कॅफेकडून आव्हान आले. जुन्नरचे सहा, मंचरचे सहा, रविवारी सकाळी, आमच्याकडे. मंचरवाले आपले सहा संगणक आणि एक जादाचा टेम्पोत घालून आणणार होते. गफूरभाईंनी ही बातमी ऐकली आणि दुकानाच्या माळ्यावरून आपले चार मोठे कर्णे खाली उतरवले. बंदी आल्यापासून ते तसेच पडून होते. पुढचे पंधरा दिवस ते कर्ण्यांना ब्रासो लावून घासत होते. एका चांगल्या माइकला त्यांनी नवी वायर जोडली. मुलगी देण्याघेण्याच्या बैठकीला नेसतात तसले धोतर त्यांनी परटाकडे दिल्याचे मी पाहिले. "परत मानसांपुढं पुकारायचंय ताई," एवढेच ते म्हणाले. "पुन्हा मिळंल न मिळंल."

रविवारी रस्त्यावर सतरंज्या पडल्या, कर्णे खांबांवर चढले, आणि मंचरच्या संघाचा कर्णधार विकास याने पहिलीच हरकत घेतली.

"भाऊ, एक मिनिट. पुकारनारे जुन्नरचे. आमाला चालायचं न्हाई."

आमचा कर्णधार समीर उसळला. "निकाल मशीन देतंय! पुकारनाऱ्याचा काय संबंध?"

"संबंध कसा न्हाई राव? तुमचा गाडा सुटला की चाचांचा आवाज डबल व्हनार. निम्मा दम तर आवाजातच असतो."

मला वाटले, गफूरभाई चिडतील. त्यांनी विकासच्या पाठीवर थाप मारली.

"पोरगं कायद्याचं बोलतंय. ज्या गावचा गाडा घाटात, त्या गावच्या मानसानं माइक धरायचा न्हाई. पन मी जुन्नरचा न्हाई."

मी काउंटरमागून वर पाहिले. सात महिने हा माणूस माझ्याकरवी पृथ्वीवरच्या दिसेल त्याला त्याचे गाव विचारत होता. एकदाही तो प्रश्न त्यांना विचारावा असे माझ्या मनात आले नव्हते. निरीक्षण हा माझा विषय होता.

"मंग कुटले?" विकासने विचारले.

माइक आता खरोखर जोडलेला होता. त्यामुळे त्यांनी घेतलेला श्वास चारही कर्ण्यांतून आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"आंबेगाव."

मंचरच्या पोरांनी एकच गिल्ला केला. "आपल्याच तालुक्यातले! चाचा आपले!"

"मंग आता आमचं ऑब्जेक्शन!" समीर ओरडला.

"तालुका न्हाई रं," गफूरभाई म्हणाले. "गाव. आंबेगाव गाव."

विकास गोंधळला. जन्मापासून प्रत्येक अर्जावर त्याने 'तालुका आंबेगाव' लिहिले असणार. तालुक्याची कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला. आंबेगाव नावाचे एक गावही असू शकते, ही शंका त्याला यायचे कारणच नव्हते.

"कुटं आलं ते?"

"डिंभ्याच्या धरनात. तालुका वर ऱ्हायला, गाव खाली गेलं." ते अगदी सहज, पत्ता सांगावा तसे सांगत होते. "मोठा बाजार व्हता आमचा. पानी चढाय लागलं तवा मी ह्येच चार कर्णे डोक्यावर घेऊन निघालो. मानसं काय, जागा मिळंल तिकडं गेली. पन त्या नावानं गाडा परत आला न्हाई कुटल्या घाटात. नोंदवायला गाव लागतं ना."

म्हणजे त्यांनी त्यानंतरही वर्षानुवर्षे तीन तालुक्यांतल्या झाडून साऱ्या गावांची नावे पुकारली होती, आणि त्यांत हे एक नव्हते. अखेर विकासने मार्ग काढला.

"मंग मिटलंच की चाचा. तुमच्या गावचा गाडाच न्हाई, म्हंजे तुमी तिऱ्हाईत. धरा माइक."

तर्क निर्दोष होता. मी स्वतः तोच केला असता. समीरनेही मान डोलावली, सतरंज्यांवरच्या माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला. गफूरभाईंनी लखलखणाऱ्या कर्ण्यांकडे एकदा पाहिले, हातातल्या माइककडे पाहिले, आणि तो अलगद टेबलावर ठेवला.

"गाडा हाय," ते म्हणाले. "ताई, नोंद करा."

"तुम्ही खेळणार? पण गफूरभाई, मग माइक धरता येणार नाही तुम्हाला."

"कायदा म्हाईत हाय मला. गावाचं नाव लिवा."

मी खेळाडूच्या नावाच्या जागी आंबेगाव असे टंकले. जादाच्या संगणकापुढे आमची एक खुर्ची ओढून ते बसले. त्या खुर्च्यांच्या मागे ते सात महिने उभे होते, बसल्याचे मी प्रथमच पाहत होते. आता पुकारायचे कोणी? हरकत ज्याची, जबाबदारी त्याची, असे समीरने ठरवून टाकले आणि माइक विकासच्या हातात कोंबला. सामन्याआधी एक मोकळी बारी सोडायची, असे ठरले.

"तर, आता, घाटात येतायत," विकास चाचरत म्हणाला, "गाडामालक गफूरभाई. गाव आंबेगाव."

"दाबू नको," मागे न पाहता गफूरभाई म्हणाले. "गाव लांबवून घे. लांबच्याला ऐकाय जातं."

विकासने छाती भरून घेतली. "गाव, आंबेगाऽऽऽव!"

कर्णे दणाणले. स्टँडवरची माणसे उभी राहून पाहू लागली.

साऱ्या जगाच्या चालकांना सल्ले देणाऱ्या गफूरभाईंना वळायचे कसे, हे ठाऊक नव्हते. त्यांना पुढे जायचे एक बटण सापडले, ते त्यांनी दाबले आणि रणगाडा सरळ निघाला. अलीकडे जुन्नरचे सहा, पलीकडे मंचरचे सहा. कोणीही गोळा झाडला नाही. माझ्या माहितीप्रमाणे खेळात असे कधी घडत नसते. बारा रणगाड्यांमधून तो आपल्या संथ चालीने पार झाला, उतार उतरला, आणि नकाशाच्या कडेला केवळ शोभेसाठी काढलेल्या एका तळ्यात शिरला. आधी पट्टे बुडाले, मग तोफ.

"चाचा, मागं घ्या! खालचं बटन, खालचं!" समीर ओरडला. विकास माइक विसरून पडद्यावर वाकला होता.

"ऱ्हाऊ दे," गफूरभाई म्हणाले. "गावाकडंच चाललाय."

पाण्यावर आता फक्त बुडबुडे होते. पुढे जायच्या बटणावरचे बोट त्यांनी काही काढले नाही.