सेतुपालाचा पूल

चौदा महिन्यांत आर्विड टॉलेफसनच्या वाट्याला एकही पूल आला नव्हता, आणि आजचा रविवार शेवटचा होता.

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या डुलुथ शहरातल्या एका वाचनालयाच्या तळघरात दर रविवारी दुपारी एक ते पाच आर्विडसह चौघं खेळायला जमत. मार्लिस तिथलीच ग्रंथपाल आणि खेळाची सूत्रधार. डोंगर, नद्या, राक्षस, हवामान, सगळं तिच्या वहीत. बाकीची तिघं तिनं रचलेल्या जगात एकेक पात्र होऊन हिंडत. रस्त्यांवरचा बर्फ काढणारा ट्रक चालवणारा ड्युएन तिथे कुऱ्हाडवाला लढवय्या होता. दाताच्या दवाखान्यात फोन घेणारी ग्रेटा जादूगारीण होती. शाळेच्या बसवरून निवृत्त झालेला आर्विड सेतुपाल होता.

हा पेशा त्यानं स्वतःच तयार केला होता. पात्र घडवायला प्रत्येकाला शंभर गुण मिळत. तलवार, ढाल, घोडा, मंत्र, ज्याला जे हवं त्यात ते वाटून टाकायचे. आर्विडनं शंभरच्या शंभर एकाच शक्तीत घातले. त्याचा सेतुपाल हाल्व्हार पुलाच्या मधोमध उभा राहून ‘थांब’ म्हणाला, की समोरून येणारा राजा असो की राक्षस, त्याचं पाऊल पुढे पडणार नाही. पुलावरून उतरला की मात्र हाल्व्हारला धड काठीही फिरवता येत नसे.

त्यानंतर कथा गेली ती वाळवंटात. मग सात महिने भुयारांत. ड्युएन लढायचा, ग्रेटा आगीचे गोळे फेकायची, हाल्व्हार सामान सांभाळायचा. आर्विडची त्याबद्दल तक्रार नव्हती. रविवारी सकाळी बटाटे सोलता सोलता त्याला तो पूल दिसायचा: खाली धुकं, वर एकटा हाल्व्हार, आणि समोर कोणीतरी अवाढव्य. बटाटा लिंबाएवढा उरेपर्यंत तो सोलत राहायचा.

पण आज खेळाचं हे पर्व संपणार होतं, आणि मार्लिसचा नियम पक्का होता. पर्व संपेपर्यंत विशेष शक्ती एकदाही वापरली नाही, तर पात्र निवृत्त. पात्राचा कागद तिच्या खणात जायचा आणि खेळाडूनं मुकाट्यानं साधा लढवय्या घ्यायचा.

“ड्रॅगन सूर्यास्ताला विंडाल गावावर येणार,” मार्लिसनं सुरुवात केली. “दिवस तुमचा. काय करता?”

“त्याला नदीवर गाठू,” आर्विड घाईनं म्हणाला.

“नदीच का रे?” ड्युएननं विचारलं. “आम्हाला काय कळत नाही होय?”

“नदी आहे,” मार्लिस म्हणाली. “पूल नाही. पाच महिने गोठलेली असते, लोक बर्फावरून चालत जातात. उरलेले महिने होडी असते.”

त्या खोलीतल्या प्रत्येकानं गोठलेल्या तळ्यावरून गाडी नेलेली होती.

“मग आपण बांधू,” तो म्हणाला.

“गोठलेल्या नदीवर पूल? दुपारभरात?” ग्रेटानं कॉफीचा कप खाली ठेवला. “अरे, ड्रॅगन येतोय!”

“जादूनं कामं लवकर होतात ना तुझ्या?”

“माझ्या जादूनं गोष्टी जळतात, आर्विड.”

आर्विडनं पेन्सिल घेतली आणि मार्लिसच्या नकाशावर नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एक सरळ रेघ ओढली. हा त्याचा शेवटचा उपाय होता. ड्युएननं रेघेकडे पाहिलं, तोंड फिरवलं, पुन्हा पाहिलं.

“मधे खांब नाही एकही?”

“नाही.”

“एवढ्या लांबीला? बर्फ वितळला की हा वसंतात वाहून जाईल! आण ती पेन्सिल इकडे.”

ड्युएननं रेघ खोडून तीन खांब काढले. खांबांना लाकूड लागणार होतं. लाकूड होतं पाइनच्या रानात, आणि रानात होते वृक्षात्मे. मार्लिसनं घोगऱ्या आवाजात सांगितलं, की ते एका फांदीला हात लावू देणार नाहीत. ग्रेटानं ते रान पेटवलं नाही. ती अर्धा तास त्यांच्याशी बोलत बसली. शेवटी त्यांनी वाळून पडलेली झाडं दिली. अट एकच, कठडा पक्ष्यांना बसण्याजोगा रुंद हवा.

“मग कठड्यावर थोडं कोरीवकामही करू या,” ग्रेटा म्हणाली.

“तू जरा थांब गं. आधी तुळया,” ड्युएन म्हणाला.

ओंडके ओढायला गावकरी हवे होते. ते तळघरांत लपले होते, त्यांना बाहेर बोलावलं. मग त्यांना सूप लागलं, सुपासाठी चुली लागल्या. लपायला आता कोणी उरलं नाही, सगळं गाव नदीवर. वाचनालयाच्या खिडकीबाहेर बर्फ अगदी हळू उतरत होता आणि आत चौघांच्या डोक्यांत ताज्या पाइनचा वास दरवळत होता. तीन आठवडे खपून तयार केलेली लढाईची पानं मार्लिसनं एकेक करून वहीच्या मागे सरकवली.

साडेचारला पूल पुरा झाला. हाल्व्हार मधोमध जाऊन उभा राहिला.

“सूर्य टेकला,” मार्लिस म्हणाली. “पश्चिमेकडून पंखांचा आवाज येतो.”

“पंखांचा?” ड्युएन सावकाश म्हणाला. “अरे देवा. हा उडतो!”

चौदा महिने वाट पाहिली, दुपारभर पूल बांधला, आणि ज्याला अडवायचं त्याला पुलाची गरजच नव्हती.

“आर्विड,” मार्लिसनं मऊ आवाजात विचारलं, “हाल्व्हारला काय दिसतं?”

आर्विडनं डोळे मिटले. बर्फावर पडलेला गुलाबी उजेड त्यानं सांगितला. खांबांच्या लांब सावल्या सांगितल्या. कठड्यावर आधीच येऊन बसलेले चार बुलफिंच पक्षी सांगितले, त्यांतला एक जाड होता. सुपाची वाफ, ओल्या लोकरीचा वास. तो बोलत राहिला आणि कोणी त्याचं बोलणं तोडलं नाही.

मार्लिसनं फासे टाकले. आकड्याकडे बराच वेळ पाहिलं.

“तो पुलाच्या टोकाशी उतरलाय,” ती म्हणाली. “नऊशे वर्षं तो सगळ्यांच्या वरून उडत आला. पायांनी चालायला त्याच्यासाठी कोणी कधी काही बांधलं नव्हतं. त्याला वाटतंय, हा त्याच्यासाठीच आहे. तो विचारतो, ‘येऊ का?’”

“म्हण! ‘थांब’ म्हण!” ड्युएन उठून उभा राहिला. “अरे, एक शब्द! तुझा कागद तुझ्याकडेच राहील!”

मार्लिसनं पेनाचं टोपण काढलं. आर्विडनं आपल्या कागदाकडे पाहिलं, मग नकाशाकडे.

“या,” तो म्हणाला. “सावकाश या. कडेला थोडं निसरडं आहे.”

“भार!” ड्युएन ओरडला. “मधल्या तुळईवर एकदम पाय नको देऊ म्हणावं!”

पूल करकरला, पण टिकला. ड्रॅगन पलीकडे गेला, वळला आणि पुन्हा एकदा जाऊ का म्हणून विचारू लागला. एकूण सात वेळा तो या काठावरून त्या काठावर गेला. मग थोडं सूप पिऊन आपल्या डोंगराकडे निघाला, तोही चालत.

पाच वाजले. गाव वाचलं होतं. पण ‘थांब’ हा शब्द हाल्व्हारच्या तोंडून निघाला नव्हता. मार्लिसनं हात पुढे केला, आणि आर्विडनं कागद घडी न घालता तिच्या हातात दिला. परतताना तो घरापर्यंत गाडीतला रेडिओ न लावता गेला.

पुढच्या रविवारी तो साधा लढवय्या घेऊन आला. तलवार, ढाल, बूट.

“माझीही अदलाबदल झालीय,” ड्युएन जरा चोरट्या आवाजात म्हणाला. “कुऱ्हाड सोडली. मी आता कमानकार, पुलांच्या कमानी बांधणारा. शंभरच्या शंभर गुण कमानीत.”

“मी लाकडाशी बोलते,” ग्रेटा म्हणाली. “फक्त लाकडाशी. आग बंद.”

“नवं पर्व दऱ्यांच्या मुलखात,” मार्लिसनं वही उघडली. “वाटेत एकोणीस पूल आहेत.”

“एकोणीस?” आर्विडनं विचारलं.

“एकोणीस. पहिल्या पुलावर तीन दरोडेखोर उभे आहेत. हातात भाले.”

ड्युएननं आर्विडकडे पाहिलं. ग्रेटानंही पाहिलं.

“बघतोस काय?” ड्युएन म्हणाला. “मारामारी आता तुझ्याकडे. आमचा तो पेशा नाही. आणि कमानीला धक्का लागू देऊ नकोस.”

आर्विडनं ढाल सावरली. मग टेबलावर पसरलेल्या सात आकारांच्या फाशांवरून त्यानं एकदा नजर फिरवली आणि हलकेच मार्लिसकडे वाकला.

“यांतला मारायचा फासा कोणता?”