पिशवी बघणारे जेर्व्हासकाका

रस्त्याच्या कडेला मेलेलं जनावर दिसलं की बहुतेक माणसं तोंड फिरवतात. जेर्व्हासकाका मला गाडी थांबवायला लावतात, खिशातून निळे हातमोजे काढतात आणि त्या जनावराच्या पोटात हात घालतात.

"पोटात नाही, बाय. पिशवीत," ते दर वेळी मला दुरुस्त करतात.

काका मूळचे वसईचे. तिथून ऑस्ट्रेलियाला गेले आणि ब्रिस्बेनला वीस वर्षं सिटी बस चालवली. त्यातली अठरा वर्षं उरलेल्या वेळात जखमी आणि पोरकी जनावरं सांभाळणाऱ्यांच्या एका गटात काम केलं. तिथे कांगारू गाडीखाली येतात. आई मरते, पण पिशवीतलं पिल्लू कधीकधी जिवंत असतं. म्हणून त्या गटाचा पहिला नियम: मेलेलं जनावर दिसलं की आधी पिशवी बघा. काकांनी हा नियम इतका अंगी बाणवला की आमच्या घरी चहाला आले आणि दारात माझी पर्स पडलेली दिसली तरी त्यांचा हात आधी खिशातल्या मोज्यांकडे गेला.

दोन वर्षांपूर्वी मुलीनं, लिंडानं, त्यांना इकडे कॅनडातल्या केंब्रिजला आणलं. ती आमच्या शेजारी राहते, काका तिच्या बेसमेंटमध्ये. आल्या आल्या त्यांनी लायसन्स बदलून घेतलं आणि लिंडाची गाडी काढली. केंब्रिजमध्ये पावलापावलावर राउंडअबाउट आहेत. काकांनी पहिल्याच राउंडअबाउटला वीस वर्षांच्या सवयीनं उलटी फेरी मारली. एक नाही, तीन, कारण बाहेर पडायला कुणी देईना. लिंडानं त्याच संध्याकाळी किल्ली काढून घेतली.

"अख्खी बस चालवली मी!" काका मला कुंपणावरून सांगत होते. "एक ओरखडा नाही!"

"बस कुठल्या बाजूनं चालवलीत?"

"बाजूचा काय संबंध?"

तेव्हापासून ते माझ्या गाडीत असतात. मी गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर नव्या गाड्यांची दारं उघडते, लावते आणि चुका शोधते. घरी आल्यावर मला आणखी चुका नको असतात. पण काका अजूनही बसायला डावीकडे येतात, माझ्या दाराशी उभे राहतात आणि मी काच खाली केली की म्हणतात, "अरे हो! इथं उलटं." दोन वर्षं झाली. मी आता काच आधीच खाली ठेवते.

कॅनडात कांगारू नाहीत. त्यामुळे काकांचं हे वेड आपोआप उतरेल, असं लिंडाला वाटलं होतं. तिला पॉसम माहीत नव्हता. पॉसम म्हणजे मांजराएवढं, उंदराच्या तोंडाचं, बिनकेसांच्या शेपटीचं एक ध्यान. दिसायला असा की देवानं उरलेल्या मालातून बनवला असावा. पण त्याच्या मादीच्या पोटाला पिशवी असते. या देशात पिशवीवालं जनावर तेवढं एकच आणि ते नेमकं आमच्या भागात आहे. हे कळलं तेव्हा काकांनी मला एखाद्या नातेवाइकाचा व्हिसा झाल्याच्या आनंदानं फोन केला होता.

त्यांचा पहिला पॉसम ग्रोसरीच्या दुकानामागे भेटला. तोंड उघडं, जीभ बाहेर, वास असह्य. काका गुडघ्यावर बसले, "आधी पिशवी," म्हणाले आणि त्यांनी हात घातला. मेलेल्या पॉसमनं डोळे उघडले. मग तोंड आणखी उघडलं. त्या तोंडात पन्नास दात असतात, हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी मला पाचशे दिसले. इथला पॉसम घाबरला की मेल्याचं सोंग घेतो. ऑस्ट्रेलियातला घेत नाही.

"आमच्या क्वीन्सलंडचे पॉसम सरळ!" काका शॉपिंग कार्टमध्ये उभे राहून ओरडत होते. "मेले म्हणजे मेले!"

ते कार्टमध्ये कसे चढले हे त्यांनाही सांगता येत नाही. उतरवायला मात्र दुकानातली दोन माणसं लागली.

तरी वेड गेलं नाही. रस्त्यात मेलेला रॅकून दिसला तरी गाडी थांबते.

"काका, याला पिशवी नसते."

"माहीत आहे. बघून घेतो."

एकदा ते हिवाळ्यात कुणाच्या तरी पडलेल्या काळ्या हातमोज्यासाठी उतरले. लांबून पिल्लू वाटलं म्हणे. परत येऊन पट्टा लावताना गंभीरपणे म्हणाले, "आत काही नाही." त्यांची नात याला "ग्रँपा, दॅट्स सो ग्रोस" एवढंच म्हणते आणि कानात इअरफोन घालते.

शेवटी मीच त्यांना गावाबाहेरच्या वन्यप्राणी केंद्रात घेऊन गेले. तिथे मेगन नावाची एक चुणचुणीत मुलगी काम बघते. तिनं अर्ज भरून घेतला आणि काकांना टॉवेल धुवायला बसवलं. नव्या माणसाला तिथे आधी धुलाईच मिळते. दर मंगळवारी काका अठरा वर्षांचा अनुभव घेऊन टॉवेल धुवायचे.

"कांगारूचं पिल्लू छातीशी घेऊन मी झोपलोय, बाय. सहा-सहा महिने. आणि आता घड्या घालतोय."

"घड्या नीट घालता का?"

"घड्या फर्स्टक्लास!"

मेगननं त्यांना एक आशा मात्र दाखवली होती. पिल्लं चार-पाच असली की एकमेकांच्या उबेत राहतात; माणसानं जितकं लांब राहावं तितकं बरं. पण एखादं एकटंच आलं, तर जोडीदार सापडेपर्यंत त्याला रोज दुपारी कुणीतरी छातीशी धरून बसावं लागतं. तसं एकटं पिल्लू आलं की पहिला नंबर काकांचा. झालं. काकांनी जुने फ्लॅनेलचे शर्ट फाडून एक पिशवी शिवली. मऊ, दुहेरी, आत खिसा. ती कायम त्यांच्या कोटात असायची. वसंत आला, केंद्रात पिल्लं यायला लागली. खारींची पाच, सशांची सहा. एकटं कुणी येईना. दर मंगळवारी परत येताना मी विचारायचे आणि ते म्हणायचे, "आज पण खटलं मोठं होतं."

मग मे महिन्यातला तो शनिवार आला.

मी किचनरला माझी मैत्रीण सुजाता हिच्या सुनेच्या डोहाळजेवणाला निघाले होते. पैठणी, नथ, मागच्या सीटवर ओटीचं सामान. काकांना वाटेत त्यांच्या चर्चपाशी सोडायचं होतं. पाऊस भुरभुरत होता. शेतांमधल्या रस्त्याला लागलो आणि काका ओरडले, "थांबव!"

पॉसम होती. या वेळी खरी मेलेली. आणि तिच्या पाठीच्या केसांना घट्ट धरून एक पिल्लू बसलं होतं, माझ्या मुठीएवढं, पावसानं भिजलेलं. काकांनी ते अलगद सोडवलं, फ्लॅनेलच्या पिशवीत घातलं, पिशवी शर्टाच्या आत घातली आणि गाडीत येऊन बसले.

"एकटंच आहे, बाय," एवढंच म्हणाले.

डोहाळजेवण थांबू शकतं. मी गाडी केंद्राकडे वळवली.

मेगननं पिल्लू हातात घेतलं. "जस्ट वन? ऑ! जेर्व्हास, धिस इज युअर बेबी! उद्यापासून रोज दुपारी यायचं, जमेल?" काकांचा चेहरा असा उजळला की मी तिथल्या नोटिसा वाचायला लागले. मग तिनं फॉर्म घेतला आणि नेहमीचे प्रश्न सुरू केले. कुठे सापडलं, किती वाजता, आईच्या अंगावर होतं की बाजूला. पाठीवर, काका म्हणाले.

"अँड यू चेक्ड द पाऊच?"

काका काही बोलले नाहीत. मीही त्यांच्याकडे बघायला लागले. मेलेल्या रॅकूनची पिशवी बघणारा, हातमोज्याची पिशवी बघणारा माणूस.

"नो," काका म्हणाले.

चूक त्यांची होती आणि नव्हतीही. ऑस्ट्रेलियातल्या पॉसमला एका वेळी एकच पिल्लू होतं. ते पाठीवर आलं म्हणजे पिशवी रिकामी. इथल्या पॉसमला डझनभर होतात. काही पाठीवर, काही आत. मेगननं हे सांगेपर्यंत काका दारापर्यंत पोचले होते.

"बाय, चल! बाय, पळ!"

पैठणीत पळून बघा एकदा.

त्या जागी पोचलो तर रस्ता रिकामा. पुढे अर्ध्या किलोमीटरवर महापालिकेचा केशरी दिव्याचा ट्रक चालला होता. रस्त्यावरची मेलेली जनावरं उचलणारा. मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. काका खिडकीतून अर्धे बाहेर. "स्टॉप! मॅटर्निटी केस!" ट्रक थांबला तो बहुधा माझी नथ आरशात बघून.

खाली उतरले ते एक पन्नाशीचे सरदारजी. काका मागच्या बाजूनं ट्रकवर चढायलाही लागले होते.

"ओ अंकलजी! ये मरा हुआ है!"

"इसके अंदर बच्चे हैं!"

सरदारजींनी माझ्याकडे बघितलं. "अंकलजी ठीक हैं?"

"अंकलजी ठीक हैं," मी म्हटलं. "आप टॉर्च पकडिये."

त्यांनी मुकाट्यानं टॉर्च धरला. काकांनी मोजे चढवले, जनावर बांधलेली प्लास्टिकची पिशवी सोडली आणि हात घातला. एक मिनिट गेलं असेल. मला काकांची फक्त पाठ दिसत होती.

"गरम आहे," ते म्हणाले. "बाय, गरम आहे! हलतायत!"

"ओ तेरी!" सरदारजी म्हणाले.

"ओढायचं नाही, तोंड सोडवायचं," काका स्वतःलाच बजावत होते. पहिलं निघालं. दुसरं. ठेवायचं कुठे? फ्लॅनेलची पिशवी केंद्रातच राहिली होती. काकांचा शर्ट पावसानं ओलाचिंब. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, मग माझ्या पदराकडे.

"नाही," मी म्हटलं.

"बाय, रेशीम गरम असतं."

तर वाचकहो, दुसऱ्याची ओटी भरायला निघालेली मी, त्या दिवशी शेतातल्या रस्त्यावर महापालिकेच्या ट्रकपाशी पदर पसरून उभी होते. जेर्व्हासकाका माझी ओटी भरत होते आणि एक सरदारजी मोठ्यानं मोजत होते. "पांच... छे... सात... ओए, एक और!" आठ. मी पदराचं टोक कमरेला खोचलं, गाडीत बसले आणि पोटाशी आठ पॉसम घेऊन केंद्रापर्यंत गाडी चालवली. वाटेत एकानं निरीवर जे करायचं ते केलं. ड्रायक्लीनरला मी श्रीखंड सांगितलं.

मेगननं आठही तपासली. सगळी ठीक होती. तिनं पहिलं पिल्लू आणून त्यांच्यात ठेवलं. ते क्षणभर थरथरलं, मग त्या ढिगात नाक खुपसून आत शिरलं आणि कुठलं ते ओळखूही येईना. मेगननं वरून टॉवेल घातला. फर्स्टक्लास घडीचा.

"नऊ आहेत म्हणजे आता माणूस नको," काकांनीच तिला सांगितलं. तिला बोलायला लागू नये म्हणून असावं. तिनं त्यांच्या दंडाला हात लावला आणि ती पुढच्या फोनकडे वळली.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "नऊ जीव वाचले, काका. लिंडाला फोन करून सांगा."

"ती कामावर आहे. नंतर सांगीन." ते समोर काचेकडे बघत होते. वायपर फिरत होते. "बाय, तिनं पिशवीचं विचारलं ना, तेव्हा दोन सेकंद मी गप्प होतो."

"आठवत नव्हतं?"

"आठवत होतं. हो म्हणावं की काय, हा विचार करत होतो." त्यांनी मांडीवरचा एक करडा केस उचलला. तो टाकला नाही, बोटांत धरून राहिले. "हो म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? एकच राहिलं असतं. रोज दुपारी."

मी क्वालिटीत आहे. चूक सापडली की काय करायचं, याचा माझ्याकडे छापील तक्ता आहे. त्या तक्त्यात यावर काही नव्हतं.

"पट्टा लावा," मी म्हटलं.

त्यांनी लावला. "तुला फार उशीर झाला. मला घरीच सोड. शनिवारी सगळी सहाला येतात, तोवर मी पडतो जरा."

तेव्हा दीड वाजला होता. आमच्या गल्लीचं वळण आलं. मी सिग्नल दिला नाही, सरळ किचनरच्या रस्त्याला लागले. काकांनी मान वळवून मागे पडलेलं वळण पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळानं त्यांनी समोरचा आरसा खाली ओढला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि चार माणसांत जायचंय म्हणून केस हातानं नीट बसवले.